तीन पड्यांची शाळा

"पडी मांडशील तर बाया येतील," असं माझ्या सासूबाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून, हातातली पळी माझ्यावर रोखून, आणि एकदा नव्हे, दोनदा. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेली बाई. पायऱ्या मांडल्यानं बायका कशा येतील, यातला कार्यकारणभाव मला दिसेना. "येऊ देत की, आत्याबाई," असं हसून म्हणत मी स्टुलावर चढले आणि माळ्यावरच्या पायऱ्या खाली ओढल्या. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

पडी म्हणजे पायऱ्या. नवरात्रात आमच्या तंजावरात घरोघर गोलू मांडतात: पायऱ्यांवर पांढरं धोतर अंथरायचं, त्यावर बाहुल्या बसवायच्या आणि येईल त्या बाईला हळदकुंकू, विडा आणि सुंडल द्यायचं. सुंडल म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ. आमच्या पायऱ्या लोखंडी, घडीच्या, नऊ. नवरात्र आश्विनात. मी त्या काढल्या आडी महिन्यात, म्हणजे आषाढाच्या आसपास, जेव्हा तमिळनाडूत शहाणा माणूस नवा झाडूसुद्धा विकत घेत नाही.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. देवनागरी मी शाळेत हिंदीच्या परीक्षा देताना शिकले. आमच्या घरात सगळे मराठी बोलतात, पण वाचता येणारी मी एकटी. त्यामुळे घरच्या माणसांबद्दल इथे जे लिहिलं आहे ते अत्यंत मोकळेपणानं लिहिलं आहे. कुणी आमच्याकडे आलात तर कृपा करून मोठ्यानं वाचून दाखवू नका.

तर, हरिता. माझी मुलगी, साडेतीन वर्षांची. जूनमध्ये तिला शाळेत घातलं. दहा दिवस गेली, मग ताप आला. ताप उतरला, पण ती घरात पाणी प्यायच्या आधीसुद्धा, शाळेतल्यासारखी, परवानगीसाठी करंगळी वर करायला लागली. एकदा मी पोळ्या लाटत होते, ती मागे येऊन उभी राहिली, ओठांवर बोट ठेवून. बराच वेळ. मी वळल्यावर म्हणाली, "मिस, वॉटर?" स्वतःच्या आईला मिस! मी त्या रात्रीच ठरवलं की ही मुलगी घरी शिकेल, आणि माँटेसरी पद्धतीनं शिकेल, कारण त्या पद्धतीत मूल आपल्या मनानं काम निवडतं, आपल्या गतीनं करतं, आणि पाणी हवं असेल तर उठून पितं.

नवरा, साईराम, पापनाशमच्या एका सरकारी कचेरीत आहे. सकाळच्या गाडीनं जातो, संध्याकाळी येतो, आणि मधल्या वेळात घरात घडलेल्या कशालाही तो जबाबदार नसतो. तो म्हणाला, "अप्पाजींना विचार."

अप्पाजी माझे सासरे. तालुका कचेरीत पस्तीस वर्षं दप्तर सांभाळून निवृत्त झाले, पण दप्तर अजून त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला.

"आडी महिना लागतोय," ते म्हणाले. "आडीत कुणी पोर नव्यानं शाळेत धाडत नाही. तेव्हा हा महिना तसाही फुकटच. तो तुझा. पण आडी सरला कीं आवणी, आणि आवणीच्या पहिल्या दिवसासाठी शाळेनं जागा धरून ठेवलीय, हें ध्यानात ठेव."

"आणि तोवर तिची प्रगती दिसली तर?"

"प्रगती म्हणजे काय, तें लिहून ठेवावं लागतं," अप्पाजी म्हणाले. "नाहींतर मागाहून वाद होतात. एक घटका. मुलगी एका कामात एक घटका बसली पाहिजे. चोवीस मिनिटं. आपणहून. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, कुणी बघतंय म्हणून नव्हे. बसली, तर वर्षभर घरी ठेव. मी साईरामला सांगतों. नाहीं बसली, तर शाळा."

मी मान्य केलं. हरिताचा तोपर्यंतचा उच्चांक चार मिनिटांचा होता, आणि त्यातली दोन मिनिटं ती शिंकत होती.

मी तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केला होता. स्क्रीनवरच्या बाई फार शांत होत्या. "मुलाच्या मागे चाला, पुढे धावू नका," असं त्या म्हणत. मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि मग महिन्याचा तक्ता आखला. सोमवारी नऊ ते नऊ बारा, मूग चमच्यानं एका वाटीतून दुसऱ्या वाटीत. नऊ बारा ते नऊ चोवीस, पाणी एका लोट्यातून दुसऱ्या लोट्यात. मग हरभरे मोजणं, मग रुमालाची घडी, मग पितळेचं भांडं घासणं. प्रत्येक धड्याला वेगळा रंग. साईराम तक्ता बघून म्हणाला, "विनू, आमच्या गाडीचं वेळापत्रकसुद्धा इतकं काटेकोर नाही." मी म्हटलं, म्हणूनच ती उशिरा येते.

या पद्धतीला मुलाच्या उंचीची उघडी फळी लागते, म्हणजे सामान मुलाला आपल्या हातानं घेता येतं. त्यासाठी मी रामस्वामी आचारींकडे गेले (आमच्याकडे आचारी म्हणजे सुतार, स्वयंपाकी नव्हे). ते वीणा करतात, पण फळी म्हणजे काय, वीणेपेक्षा सोपीच. त्यांनी फणसाच्या लाकडावर बोटांनी टकटक केली, कान लावून ऐकलं आणि म्हणाले की हे वर्षभर वाळायला हवं. मी म्हटलं, मला लगेच हवीय, मुलीच्या उंचीची. ते म्हणाले, मग माप आत्ता कशाला घेता? वर्षभरात ती वाढेल ना!

म्हणून मी माळ्यावरच्या पड्या काढल्या. नऊ नकोत, खालच्या तीनच पुरे. "तीन कर, पाच कर, पण चार करूं नको," एवढंच आत्याबाई म्हणाल्या, कारण बाया येणारच असतील तर निदान विषम पायऱ्यांवर याव्यात. लोखंड गंजलेलं होतं म्हणून मी वर पांढरं धोतर अंथरलं. त्यावर पितळेची ताटं, ताटांत मूग, हरभरे, छोटे लोटे, वाट्या, घडी केलेले रुमाल. दूर उभी राहून पाहिलं. स्क्रीनवरच्या बाईंच्या वर्गासारखं सुंदर दिसत होतं. आणखी कशासारखं दिसत होतं, हे माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले.

पहिला सोमवार. माँटेसरी धडा न बोलता द्यायचा असतो. सावकाश, एकेक हालचाल दाखवत. मी चटईवर मांडी घातली, ताट समोर घेतलं, दोन्ही हातांनी लोटा उचलला आणि अतिशय सावकाश, मौनात, पाणी दुसऱ्या लोट्यात ओतलं. हरिता टक लावून बघत होती. माझा ऊर भरून आला. मग तिनं हात जोडले.

"सामी?" तिनं विचारलं. देव आहे का, म्हणून. हरिताला मराठी सगळं कळतं, पण बोलायची वेळ आली की ती तमिळ काढते.

मी मान हलवली, कारण बोलायचं नव्हतं. नाही अशा अर्थानं हलवली होती. तिनं उजव्या हाताची ओंजळ पुढे केली. मी काय करणार? दोन थेंब घातले. ती प्यायली, ओला हात डोक्यावरून फिरवला, मुगाच्या ताटाला नमस्कार केला आणि खाटेखाली निघून गेली. पाण्याचा धडा संपला होता, दीड मिनिटात. मी पुढचा घेतला, मग त्याच्या पुढचा. सोमवारी नऊला सुरू केलेला माझा आठवडा नऊ चाळीसला संपला.

बुधवारी राजम मामी खिडकीतून डोकावल्या. समोरच राहतात. त्यांचं सगळं तमिळमध्ये, मी इथे मराठीत लिहिते, पण त्यातला आवाज वजा करून.

"गंगाबाई! आडीत गोलू? काही नवस आहे का?"

हाक आत्याबाईंना होती, पण मीच बाहेर येऊन समजावलं की हा गोलू नाही, ही शैक्षणिक मांडणी आहे. मामींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सहानुभूतीनं मान हलवली. नवस काय आहे ते बाहेर सांगायचं नसतं, हे त्यांना माहीत होतं. तासाभरात त्या रेशमी साडी नेसून, नारळ घेऊन आल्या. त्यांच्या मागे आणखी तिघी. चौघींनी पायऱ्यांसमोर बसून मुगाच्या ताटाकडे बघत एकेक कीर्तन, म्हणजे देवाचं गाणं, म्हटलं. माझा धडा क्रमांक तीन भक्तिभावानं ऐकत होता.

आणि आता मुख्य मुद्दा. घरी पड्या बघायला आलेली सुवासीण रिकाम्या हातानं गेली, असं आत्याबाईंच्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात घडलेलं नाही. त्या आत गेल्या. थोड्या वेळानं कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. नंतर प्रत्येकीच्या हातात पळसाच्या द्रोणातून गरम सुंडल. मला बरं वाटलं की निदान घरची अब्रू राहिली. मग माझी नजर मधल्या पायरीकडे गेली. हरभऱ्याचं ताट रिकामं होतं.

"आत्याबाई, ते मोजायचे हरभरे होते!"

"मोजलेच कीं," त्या म्हणाल्या. "चार वाट्या निघाले."

गुरुवारी वेंकूबाई आल्या. आमच्यापैकीच, म्हणजे तंजावरच्या मराठी, दोन घरं सोडून राहतात. वयानं आत्याबाईंपेक्षा मोठ्या, त्यामुळे त्यांना विरोध करायची सोयच नाही. त्यांनी पदराखालून लाल चंदनाच्या राजाराणीची जोडी काढली, त्यांच्या लग्नातली.

"रिकामी पडी ओकीबोकी दिसते गे. राहूं देत इथे."

"वेंकूअक्का, हे मुलीच्या अभ्यासाचं..."

"मग राजाराणी असले तर अभ्यासाला काय हरकत? ते काय बडबडतात?"

राजम मामी कशा मागे राहतील! त्यांनी त्यांचा मातीचा शेटजी आणि शेटाणी आणली. गोलूत हे जोडपं हवंच असतं. पोट सुटलेला शेट गादीवर बसतो, शेजारी बायको, आणि समोर दुकानाचं धान्य मांडायचं असतं. मामींनी शेटजीला माझ्या मुगाच्या ताटामागे बसवलं, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि सुस्कारा टाकला. "आता पूर्ण झालं." माझे धडे एक ते पाच हे आता एका वाण्याचं दुकान होतं. खरं सांगायचं तर ते फार शोभत होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

त्या संध्याकाळी मी बाहुल्या परत करायला निघाले तर आत्याबाईंनी दार अडवलं. मांडलेल्या बाहुल्या अशा मध्येच काढत नाहीत. त्यांना रीतसर निजवावं लागतं, आणि त्या निजतात विजयादशमीच्या दिवशी. विजयादशमीला अडीच महिने होते. मी साईरामकडे पाहिलं. तो रेल्वेचा पास शोधू लागला.

पुढच्या आठवड्यात बायकांबरोबर मुलं यायला लागली. आधी पलीकडच्या भामाचा प्रणवेश, चार वर्षांचा. त्यानं शेटजीच्या दुकानात बसून तब्बल अकरा मिनिटं मूग या वाटीतून त्या वाटीत केले. मी दारामागून घड्याळ लावून बघत होते. दुसऱ्याच्या मुलाला एकाग्र होताना बघणं हा किती कडवट आनंद असतो, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. भामा म्हणाली, "अक्का, घरी हा एक मिनिट बसत नाही. उद्यापण पाठवू?" माझ्या शिक्षकी अहंकारानं माझ्याआधीच उत्तर देऊन टाकलं.

दहा दिवसांत अकरा मुलं झाली. सकाळी दहा ते बारा. ती मुलं ओतत होती, निवडत होती, घडी घालत होती. एका मुलीनं पितळेचं भांडं इतकं घासलं की आत्याबाईंनी तिला उद्या समई आणून देईन म्हणून सांगितलं. माझा तक्ता एक तास पुढे सरकून मिनिटाबरहुकूम चालत होता, फक्त हरितावाचून. हरिता खाटेखाली. मी वाकून "येतेस का, कण्णा, माझ्या सोन्या?" म्हणायची, ती करंगळी वर करायची. मी सरळ व्हायची, दोन मिनिटं थांबायची, पुन्हा वाकायची. महिन्याभरात माझी कंबर गेली.

अप्पाजी हे सगळं ओट्यावरून बघत होते. एके दिवशी ते लांबट, कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर घेऊन आले. तांबड्या शाईनं रकाने आखलेले.

"इतकीं मुलं येतात, जातात. नोंद नको?"

"अप्पाजी, ही शाळा नाही हो."

"नोंद करायला शाळा कशाला लागते? नोंद ती नोंद." आणि ते रोज सकाळी दाराशी बसून तमिळमध्ये हजेरी मांडू लागले. मी विरोध केला नाही. निवृत्तीनंतर त्यांच्या चेहऱ्यावर सकाळचे दहा वाजलेले मी पहिल्यांदाच पाहत होते.

इकडे राजम मामी आमचं कौतुक गावभर करत होत्या. त्यांच्या कुणा भाचीची मैत्रीण शिक्षण खात्यात. मामी तिला एका लग्नात भेटल्या आणि म्हणाल्या, आमच्या गल्लीत किती सुंदर शाळा निघाली आहे! कुणी तक्रार केली असती तर मी समजू शकले असते. आमच्यावर कौतुकाची कारवाई झाली.

आडीच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी साडेदहाला, एक तरुण बाई मोपेडवरून उतरल्या. सुती साडी, काखेत फाइल. लक्ष्मीप्रिया मॅडम, खात्याकडून. माझ्यापेक्षा वयानं लहान असाव्यात, आणि माझ्याइतक्याच घाबरलेल्या, पण त्यांच्याकडे फाइल होती.

"बिनपरवाना बालशाळा चालू असल्याची माहिती आहे," त्या म्हणाल्या. "इमारत मजबुतीचा दाखला, अग्निशमनाचा दाखला, स्वच्छतेचा दाखला, आणि मान्यतेचा आदेश. चारही दाखवा."

"पण ही शाळा नाही," मी म्हटलं.

त्यांनी आत पाहिलं. अकरा मुलं चटईवर ओळीनं बसून मूग निवडत होती. इतकी शिस्त शाळेतही नसते.

"मग हे काय आहे?"

आणि तेव्हा, वाचकहो, मी माझी पदवी, माझा कोर्स आणि महिन्याभराचा स्वाभिमान गिळला. "गोलू," मी म्हटलं.

"आडीत?"

"नवस आहे!" खिडकीतून राजम मामी ओरडल्या. "विचारू नका, बाहेर सांगायचा नसतो!"

मॅडम पायऱ्यांपर्यंत गेल्या. राजाराणी, शेट, शेटाणी, धान्य, पांढरं धोतर. विषम पायऱ्या. त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ उडाला. त्यांच्या फॉर्मात शाळा आणि शाळा नाही असे दोनच चौकोन होते. तेवढ्यात आत्याबाई कुंकवाचा करंडा आणि द्रोण घेऊन बाहेर आल्या.

"मी ड्यूटीवर आहे, काही घेत नाही," मॅडम घाईनं म्हणाल्या.

"ड्यूटीवर कुंकू पुसतेस काय?" आत्याबाईंनी तमिळमध्ये विचारलं आणि लावून टाकलं. "पडीसमोर आलीस, आता एक पाट म्हण. न म्हणतां जाऊं नये."

पाट म्हणजे गाणं. मॅडमनी फाइलकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग खांदे सैल सोडले, चटईवर बसल्या आणि गायल्या. काय गायल्या! लहानपणी तिरुवैयारूला गाणं शिकत होत्या म्हणे, नोकरी लागल्यावर सुटलं. अकराही मुलांचे हात मुगातच थांबले. गाणं ऐकून आलेल्या वेंकूबाई दारात डोळे पुसत होत्या. मला वाटलं, सुटलो. मी मनातल्या मनात शेटजीची क्षमासुद्धा मागितली.

आणि गाणं संपल्यावर, भारावलेले अप्पाजी पुढे झाले आणि म्हणाले, "मॅडम, एक सही द्या. येणाऱ्याची नोंद ठेवतों आम्ही." आणि रजिस्टर उघडून पुढे केलं.

मॅडमनी पान वाचलं. मग मागचं वाचलं. "ही तर हजेरी आहे."

"हो."

"शाळा नाही म्हणता, आणि हजेरी?"

मी अप्पाजींकडे अशी पाहत होते, की दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, छे, ती दुधाची यादी आहे. अप्पाजी ताठ झाले. "दप्तरांत आहे तें आहे," ते म्हणाले. पस्तीस वर्षांत त्यांनी एक ओळ नाकारली नव्हती, आता सुनेसाठी कशी नाकारतील!

मॅडमचं बोट रकान्यावरून खाली गेलं आणि एका जागी थांबलं. "ही हरिता कोण? अकरा दिवसांत अकरा दिवस गैरहजर."

शेवटी मलाच बोलावं लागलं. "माझी मुलगी."

"तुमची मुलगी? याच घरात राहते?"

"हो. खाटेखाली."

मॅडम वाकल्या. खाटेखालून हरितानं करंगळी वर केली. मॅडम बराच वेळ वाकूनच राहिल्या. सरळ झाल्या तेव्हा त्यांचा ऑफिसचा आवाज गेला होता. माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं, त्यापेक्षा दंड परवडला असता. "जिथे घरचंच मूल येत नाही, ती शाळा कशी म्हणायची?" त्या म्हणाल्या आणि चौकोनात खूण केली. शाळा नाही. अप्पाजींनी शेजारी बसून शेऱ्याचा मजकूर सांगितला: हंगामाबाहेरील बाहुल्यांची मांडणी आढळली, बालके प्रसादार्थ जमली होती. मात्र बाहेरची मुलं उद्यापासून नकोत, नाहीतर चार दाखले, असं मॅडमनी बजावलं. त्या मोपेड सुरू करताना मला हळूच म्हणाल्या, "अक्का, पुढच्या मंगळवारी गायला येऊ का?" आत्याबाईंनी परस्पर हो सांगितलं.

अशा रीतीनं माझी शाळा सरकारदरबारी नसल्याचं सिद्ध झालं, आणि ते माझ्या मुलीच्या गैरहजेरीवरून. मी तक्ता उतरवला. मागच्या बाजूला आत्याबाईंनी धोब्याचे कपडे लिहिले.

इथवर मी काल रात्री जेवणानंतर लिहून ठेवलं होतं. शेवट सुचत नव्हता. आज आडीचा शेवटचा दिवस. उद्या शाळा. गणवेश इस्त्री करून खुर्चीवर ठेवला आहे.

यापुढचं मी आमच्या ओट्यावर बसून लिहीत आहे, अक्षर बिघडलं तर सांभाळून घ्या.

झालं असं. सकाळी मी सवयीनं खाटेपुढे वाकले. आत्याबाई शेंगा घेऊन निवडायला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "विनुता, तूं बाहेर बस बघू."

"का?"

"तूं तिला बघतेस. ती तुला बघते. दोघी दिवसभर एकमेकींचंच काम करता. मग दुसरं काम होणार कधीं?"

तीन महिन्यांच्या कोर्समध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं. किंवा पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी खाली दोन रेघा मारल्या होत्या. मी वही घेऊन ओट्यावर आले. माझ्या मागोमाग आत्याबाई शेंगांसह बाहेर आल्या. अप्पाजी होतेच. दार लोटून घेतलं.

दहा वाजून नऊ मिनिटांनी आतून आवाज आला. खाट सरकल्याचा, मग पावलांचा. मग पितळेवर काहीतरी ठेवल्याचा, टक्. थोड्या वेळानं पुन्हा, टक्. मी उठले. अप्पाजींनी घड्याळावरून नजर न काढता हात वर केला. "पाहिलंस तर पुन्हा शून्यापासून."

दहा सोळा. टक्. काय ठेवतेय ती? मूग असे वाजत नाहीत. वाट्यांना घुमणारा आवाज असतो. हे माझ्या तक्त्यातलं काहीच नाही.

दहा वीस. राजम मामी समोरून बोलत बोलत आल्या. आत्याबाईंनी एक शेंग फेकून मारली. मामी पायरीवर बसल्या, गप्प. मी या गल्लीत सहा वर्षं राहते आहे, मामी गप्प बसलेल्या मी पाहिल्या नाहीत. वेंकूबाई मागून आल्या, आम्हा चौघांकडे पाहिलं आणि काहीही न विचारता ओट्यावर टेकल्या.

दहा पंचवीस. ती स्वतःशी बोलतेय. शब्द कळत नाहीत. अप्पाजींनी कानामागे हात धरला आहे. "मराठी," ते कुजबुजले. आत्याबाईंनी शेंगा सोलायचं थांबवलं.

दहा एकोणतीस. आता चारच मिनिटं. आणि आवाज थांबला.

बोलणं थांबलं, टक् थांबलं, काहीच नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या शांततेचे दोनच अर्थ असतात, हे प्रत्येक आईला माहीत आहे. एक तर ते कामात इतकं बुडालंय की त्याला जगाचं भान नाही. नाहीतर त्यानं नाकात हरभरा घातलाय. दाराला कान लावून यातला कुठला ते ठरवता येत नाही. मी आत्याबाईंकडे बघते, त्या अप्पाजींकडे बघतात, अप्पाजी घड्याळाकडे. घरचं कुणीही आत गेलं तर ती बघेल, आणि उद्या गणवेश.

तुम्हाला ती ओळखत नाही. म्हणून तुम्हालाच विनंती. डावीकडच्या खिडकीचं खालचं दार किलकिलं आहे. चपला इथेच काढा. पावलं न वाजवता जा, आणि काहीही दिसलं तरी "शाब्बास" म्हणू नका, हसूसुद्धा नका. फक्त एवढंच बघून या, की माझी मुलगी बरी आहे ना, आणि अजून बसली आहे ना. आल्यावर मला खुणेनं सांगा. मी दाराकडे पाठ करून बसले आहे.